सिनेमा-मालिकांची माहिती नेमकी कुठे बघता? (आणि एक अर्धवट आठवणारा सिनेमा)

निळी_वही

नमस्कार मंडळी. २००१ पासून मी पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची वहीत नोंद ठेवतेय. नाव, पाचपैकी तारे आणि सुचलं तर एखादी ओळ. सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक नोंदीला तारीखसुद्धा नाही, फक्त पानाच्या कोपऱ्यात महिना लिहिलेला. परवा बसून मोजलं तर चौदाशेच्या आसपास नोंदी निघाल्या. मध्यंतरी एका छोट्या साइटवर यातले सहाशे सिनेमे चढवले होते, परीक्षणंही लिहिली होती, आणि एक दिवस ती साइट उघडेचना, ना मेल ना सूचना. वही हाताशी होती म्हणून नावं तरी वाचली, पण लिहिलेलं सगळं गेलं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता पुन्हा सगळं नीट चढवायचंय. पण बसले की गोंधळ उडतो. एकाच नावाचे तीन-तीन सिनेमे निघतात, साल एका ठिकाणी एक तर दुसरीकडे दुसरंच, मालिकांच्या भागांचा क्रम जुळत नाही. तुम्ही कुठली साइट वापरता आणि कुठल्या माहितीवर विश्वास ठेवता?

दुसरी शंका. लहानपणी टीव्हीवर एक सिनेमा पाहिला होता, नाव कधीच कळलं नाही. एक माणूस एकटाच लाल गाडीतून चाललाय आणि एक मोठा कळकट ट्रक त्याच्या मागे लागतो, ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. खूप वर्षांनी ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' बघितला तेव्हा त्यातला तो मोटेलचा घाबरट मॅनेजर बघून वाटलं की हा तोच माणूस. वहीत लिहिलंयसुद्धा, "मोटेलवाला = ट्रकवाला सिनेमा?" बस, एवढाच धागा हातात आहे.

पडदा

ओळखला! पण नाव सांगत नाही, हा शोधायचा आनंद तुमचा तुम्ही घ्या. तुमच्याकडे पुरेसा धागा आहे.

मध्यंतर

पडदा म्हणतात ते बरोबर, मी फक्त वाट सांगतो. सिनेमाचं नाव माहीत नसेल तर लोक गोष्ट टाइप करत बसतात, "ट्रक मागे लागतो" वगैरे, आणि मग वाट्टेल ते निघतं. गोष्टीपेक्षा माणूस धरा. आयएमडीबीवर (सिनेमा-मालिका आणि त्यातल्या माणसांची माहिती देणारी साइट) 'टच ऑफ ईव्हिल' १९५८ चं पान उघडा, वरची चार नावं बघून थांबू नका, पूर्ण कलाकारांची यादी उघडा. तिथे प्रत्येक नावासमोर भूमिका लिहिलेली असते, मोटेलचा नाइट मॅनेजर कोण ते बघा आणि त्या नावावर क्लिक करा. मग त्या माणसाची सगळी कारकीर्द सालवार समोर येते. तुम्ही लहानपणी टीव्हीवर पाहिलाय म्हणताय, म्हणजे टीव्हीसाठी केलेलं कामही बघा, फक्त थिएटरचे सिनेमे चाळू नका. मी आत्ता करून बघितलं, दोन मिनिटं लागली.

हीच गोष्ट दोन माणसांवरूनही करता येते. तिथल्या प्रगत शोधात दोन नटांची नावं टाकली की दोघांनी मिळून केलेले सिनेमे निघतात. मला एकदा फक्त एवढंच आठवत होतं की अमुक बाई आणि तमुक म्हातारा एकत्र होते, त्यावरून सापडला. कीवर्डनेही शोधता येतं पण कीवर्ड लोकांनी हाताने टाकलेले असतात, गाजलेल्या सिनेमाला शेकड्याने असतात आणि अनोळखी सिनेमाला तीन. म्हणजे नेमका जो सापडत नसतो त्यालाच ते कमी. म्हणून माझी पहिली पायरी कायम श्रेयनामावली.

तिसरी_घंटा

निळी_वही, साइट बंद पडून लिहिलेलं गेलं हे वाचून कसंतरी झालं. मी गेली काही वर्षं टीएमडीबीवर, म्हणजे लोकांनीच भरलेल्या सिनेमा-मालिकांच्या डेटाबेसवर, माहिती भरायचं काम करते, म्हणून तुमच्या नावांच्या आणि सालांच्या गोंधळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

सिनेमाची ओळख नाव नाही आणि सालही नाही, त्याचा क्रमांक आहे हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा त्रास संपतो. आयएमडीबीवर प्रत्येक पानाच्या पत्त्यात 'टीटी' आणि पुढे किमान सात आकडे असतात. सिनेमा, मालिका, मालिकेचा एकेक भाग, सगळ्यांना टीटी. माणसांना 'एनएम'. टीटी००००००१ टाकून बघा, १८९४ ची 'कार्मेन्सिता' नावाची नाचाची छोटीशी फिल्म निघते. पुढे सात आकडे अपुरे पडले तेव्हा आठ आकडी क्रमांक आले. टीएमडीबीचे क्रमांक साधे असतात पण तिथे एक खाचखळगा आहे, सिनेमांचे क्रमांक वेगळे आणि मालिकांचे वेगळे, त्यामुळे एकच आकडा एका सिनेमाचाही असतो आणि एका मालिकेचाही. नुसता आकडा लिहून ठेवलात तर काही महिन्यांनी कळणार नाही काय होतं ते, सिनेमा की मालिका तेही शेजारी लिहा.

सालाचं उदाहरण देते. 'क्रॅश' नावाचे दोन प्रसिद्ध सिनेमे आहेत. एक डेव्हिड क्रोननबर्गचा १९९६ चा. दुसरा पॉल हॅगिसचा, तो पहिल्यांदा दाखवला २००४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात, थिएटरात आला २००५ मध्ये आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं २००६ च्या सोहळ्यात. आता याचं साल कुठलं? आयएमडीबी पहिलं जाहीर प्रदर्शन धरते म्हणून तिथे २००४. जे थिएटरची तारीख धरतात त्यांच्याकडे २००५. दोघंही चुकीचे नाहीत, मोजायची पद्धत वेगळी आहे. म्हणून नाव आणि साल जुळवून यादी चढवली की असे सिनेमे हमखास घसरतात.

आणि हे सगळे क्रमांक एका जागी हवे असतील तर विकिडेटा बघा, विकिपीडियाच्याच मंडळींचा खुला डेटाबेस. २०१२ मध्ये सुरू झालं. तिथे सिनेमाच्या पानावर आयएमडीबीचा, टीएमडीबीचा, अजून कितीतरी ठिकाणचा क्रमांक एकाखाली एक दिलेला असतो. आयएमडीबीच्या क्रमांकाचा गुणधर्म पी३४५, माझ्या बोटांना पाठ झालाय तो. तिथली माहिती कोणीही कशासाठीही वापरू शकतं आणि सिनेमाचं नाव मराठीत नसेल तर आपण भरू शकतो. टीएमडीबीवरही भाषा मराठी निवडून नाव आणि कथासार लिहिता येतं. बऱ्याच चांगल्या सिनेमांची ती जागा रिकामी आहे, कोणाला वेळ असेल तर खरंच लिहा.

निळी_वही

सापडला!!! मंडळी सापडला.

मध्यंतर यांनी सांगितलं तसं केलं. मोटेलचा मॅनेजर म्हणजे डेनिस वीव्हर. त्याच्या नावावर क्लिक केलं आणि यादी बघत खाली आले, मालिकाच मालिका, आणि १९७१ ला येऊन थांबले. 'ड्युएल'. पोस्टरवर ट्रक. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग! मला अंगावर काटाच आला, कारण एवढी वर्षं मी त्यांचे सिनेमे आवडीने बघत होते आणि लहानपणी ज्याने माझी झोप उडवली होती तोही त्यांचाच हे मला ठाऊकच नव्हतं. लेखक रिचर्ड मॅथेसन. आता त्यांचं बाकीचं लिखाणही बघणार आहे.

वहीतली ती ओळ बरोबर निघाली याचा आनंद सिनेमा सापडल्याइतकाच आहे.

एक शंका मात्र आली. एका ठिकाणी हा टीव्ही मूव्ही म्हणून दिलाय आणि वेळ दीड तास आहे, दुसरीकडे कुठेतरी ७४ मिनिटं वाचलं. दोन आवृत्त्या आहेत का? आणि मी याची नोंद सिनेमात करू की टीव्हीत?

रीळवाला

अभिनंदन. हो, दोन आवृत्त्या आहेत. नोव्हेंबर १९७१ मध्ये एबीसी वाहिनीवर दाखवला तो ७४ मिनिटांचा, मग इतर देशांत थिएटरात लावायचा म्हणून आणखी प्रसंग चित्रित करून तो ९० मिनिटांचा केला. पण डेटाबेसमध्ये नोंद एकच. आयएमडीबीवर टीव्ही मूव्ही हा वेगळा प्रकार आहे, टीएमडीबीवर तो सिनेमांतच असतो आणि टीव्ही मूव्ही हे शैलीच्या रकान्यात लिहिलेलं असतं. तुम्ही सिनेमातच नोंदवा. तुमचा 'टच ऑफ ईव्हिल' सुद्धा असाच आहे, १९५८ ची थिएटरची आवृत्ती, सत्तरच्या दशकात सापडलेली लांब आवृत्ती आणि १९९८ मध्ये वेल्सच्या ५८ पानी टिपणाबरहुकूम वॉल्टर मर्चने पुन्हा संकलित केलेली. तिन्हींना मिळून पान एक. म्हणून कुठली आवृत्ती पाहिली ते स्वतःच्या टिपणात लिहून ठेवायचं, डेटाबेस ते आपल्यासाठी लक्षात ठेवत नाही.

आयएमडीबी आज एवढी मोठी दिसते पण तिची सुरुवात कशी झाली हे नव्या लोकांना सांगायला मला आवडतं. वेब अजून लोकांपर्यंत पोचायचं होतं. यूजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटवरच्या चर्चागटांत, सिनेमाप्रेमींचा एक ग्रुप होता, तिथे लोक नट-नट्यांच्या, दिग्दर्शकांच्या याद्या करायचे, वारलेल्या कलाकारांचीसुद्धा एक यादी होती. कॉल नीडम या सिनेमावेड्या ब्रिटिश माणसाने १७ ऑक्टोबर १९९० ला त्या याद्यांमध्ये शोध घेता येईल अशा छोट्या युनिक्स स्क्रिप्ट्स (छोटे प्रोग्राम) तिथे टाकल्या. तीच आयएमडीबी. १९९३ मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या सर्व्हरवरून ती वेबवर आली, १९९६ मध्ये कंपनी झाली आणि १९९८ मध्ये ॲमेझॉनने घेतली. म्हणजे मुळात हे काम हौशी लोकांनी याद्या जुळवून केलेलं आहे, आणि माझ्या मते तिचा खरा ऐवज आजही याद्यांतच आहे, दहापैकी मिळालेल्या आकड्यात नाही.

याद्या म्हणजे रुक्ष असं कोणाला वाटत असेल तर ॲलन स्मिथी हे नाव शोधून बघा. भलीमोठी कारकीर्द दिसेल आणि असा माणूसच नाही. दिग्दर्शकाच्या हातून सिनेमा काढून घेतला गेला आणि त्याला आपलं नाव लावायचं नसेल तर अमेरिकन दिग्दर्शकांच्या संघटनेच्या परवानगीने हे टोपणनाव लागायचं. पहिल्यांदा लागलं १९६९ च्या 'डेथ ऑफ अ गनफायटर'ला आणि २००० मध्ये संघटनेने ते बंद केलं. किंवा 'रोमन हॉलिडे' घ्या. १९५३ चा सिनेमा, कथा डाल्टन ट्रंबोची, पण हॉलिवूडने काम नाकारलेल्या लोकांच्या काळ्या यादीत असल्याने त्याचं नाव लावता आलं नाही. कथेचं ऑस्कर मिळालं ते नाव उसनं देणाऱ्या मित्राला. अकादमीने १९९३ मध्ये ट्रंबोच्या नावाने ते दिलं तेव्हा तो हयात नव्हता, आणि लेखकांच्या संघटनेने पूर्ण श्रेय दिलं २०११ मध्ये. जुन्या पुस्तकातली श्रेयनामावली आणि आजचं पान जुळत नाही ते अशामुळे. एका ओळीत अठ्ठावन्न वर्षांचा अन्याय बसलेला असतो.

अवांतर: पान आहे म्हणजे सिनेमा आहे असं समजू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये मूकपटांचा अहवाल काढला होता, १९१२ ते १९२९ मधल्या जवळपास अकरा हजार पूर्ण लांबीच्या अमेरिकन मूकपटांपैकी मूळ स्वरूपात टिकलेत फक्त १४ टक्के. बाकीच्यांचं पान आहे, नटांची नावं आहेत, कथासारही आहे, रीळ मात्र कुठेच नाही. त्या सिनेमांचं आता हे पानच काय ते उरलंय.

आकडेमोड

रीळवाला यांच्याशी शंभर टक्के सहमत, पण आकडे आहेत तर ते काय सांगतात हे तरी नीट समजून घ्यावं म्हणून लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या साइटवरचे ९५ टक्के म्हणजे शंभरपैकी ९५ गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांना सिनेमा पाहण्याजोगा वाटला तो आकडा आहे तो. दहा समीक्षकांनी "ठीक आहे, बघायला हरकत नाही" म्हटलं तरी १०० टक्के होतात, आणि दहापैकी सात जणांनी डोक्यावर घेतलं आणि तिघांनी आपटलं तर ७०. मला विचाराल तर मी दुसरा सिनेमा आधी बघेन. ६० टक्क्यांच्या वर ताजा टोमॅटो आणि खाली हिरवा फुटका. मेटाक्रिटिक या तशाच दुसऱ्या साइटवर मात्र खरी सरासरी असते, तीही भारित, म्हणजे काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन.

आयएमडीबीवर प्रेक्षक १ ते १० मध्ये गुण देतात पण दिसतो तो आकडा साधी सरासरी नाही, वजन लावलेली आहे आणि ते वजन कसं लावतात ते पूर्ण सांगत नाहीत, नाहीतर लोक त्यावरच उपाय काढतील. गुणांच्या पानावर साधी सरासरीही दिलेली असते, दोन्हींत मोठा फरक दिसला तर समजा तिथे काहीतरी गडबड चाललीय, कोणीतरी झुंडीने १० किंवा १ टाकतंय. त्यांच्या पहिल्या अडीचशे सिनेमांच्या यादीचं सूत्र मात्र पूर्वी छापलेलं असायचं. कल्पना अशी की मतं कमी असतील तर सिनेमाला सर्वसाधारण सरासरीकडे ओढायचं. त्यात २५,००० मतांचा उंबरठा होता. समजा सर्वसाधारण सरासरी ७ आहे आणि एका सिनेमाला ९ मिळालेत. मतं २५,००० असतील तर तो ८ धरला जाईल, मतं एक लाख असतील तर ८.६. तेवढेच गुण, पण मागे माणसं किती उभी आहेत त्यावर विश्वास कमी-जास्त.

स्वतःपुरतं मी एवढंच करतो, आकडा बघायच्या आधी मतं कशी विभागलीत ते बघतो. लेटरबॉक्स्ड या पाहिलेल्या सिनेमांची नोंद ठेवायच्या साइटवर अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत उभ्या पट्ट्या दिसतात. मधे एकच टेकडी असेल तर बहुतेकांना सारखाच वाटलाय. दोन टोकांना दोन टेकड्या असतील तर सिनेमाने लोकांना दोन गटांत तोडलंय. अशा सिनेमांनी मला आजवर सगळ्यात जास्त दिलंय.

पडदा

इथे मी थोडा वेगळा. सगळे मिळून गुणांना एवढं बाजूला टाकू नका. कामावरून थकून आलेला माणूस श्रेयनामावली वाचत बसत नाही हो, त्याच्याकडे दोन तास असतात आणि ते वाया जाऊ नयेत एवढीच इच्छा. माझ्या आईबाबांसाठी सिनेमा निवडताना मी आकडा बघतो आणि दहापैकी आठ वेळा तो उपयोगी पडतो. आणि ज्या नव्या माणसाला एकही दिग्दर्शक माहीत नाही त्याने सुरुवात कुठून करायची? मी त्या अडीचशेच्या यादीवरूनच केली होती. त्या यादीमुळे मी पहिल्यांदा जपानी सिनेमा पाहिला, नाहीतर कधीच पाहिला नसता.

मला खरं दुःख आहे ते आयएमडीबीचे चर्चाफलक गेल्याचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये बंद केले. प्रत्येक सिनेमाच्या पानाखाली चर्चा असायची. शेवट कळला नाही की तिथे जायचं, कोणीतरी आपल्यासारखाच रात्री दोन वाजता तो प्रश्न विचारून गेलेला असायचा. भांडणं होती, शिवीगाळ होती, मान्य. काही लोकांनी जुन्या चर्चा वाचवून मूव्हीचॅट नावाच्या साइटवर ठेवल्यात, पण ती गर्दी परत आली नाही.

आकडेमोड

पडदा, यादीवरून सुरुवात करण्याबद्दल पटलं, मीही तसाच आलो. माझा आक्षेप फक्त ६.४ बघून सिनेमा सोडून देण्याला आहे. भयपट आणि विनोदी सिनेमांना सरसकट कमी गुण मिळतात, त्यामुळे भयपटाचे ६.४ आणि चरित्रपटाचे ६.४ एकाच तराजूत घालता येत नाहीत.

भागशः

मालिकांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहितेय, आणि निळी_वही यांनी विचारलंय की भागांचा क्रम का जुळत नाही. ताई, याचं कारण असं की मालिकेला क्रम एक नसतोच.

'फायरफ्लाय' घ्या. २००२ मध्ये फॉक्स वाहिनीने ती उलटसुलट क्रमाने दाखवली. दोन तासांचा पहिला भाग, ज्यात सगळ्या पात्रांची ओळख होते, तो दाखवला डिसेंबरमध्ये सगळ्यात शेवटी, आणि तीन भाग तर तिथे दाखवलेच नाहीत. नंतर डीव्हीडीवर निर्मात्यांना हवा तो क्रम आला. आता डेटाबेसने काय करायचं? प्रसारणाचा क्रम धरला तर इतिहास बरोबर पण बघणाऱ्याला गोष्ट कळत नाही, डीव्हीडीचा धरला तर गोष्ट बरोबर पण तारखा मागेपुढे उड्या मारतात. टीव्हीडीबी म्हणून जो मालिकांचा डेटाबेस आहे, २००६ पासूनचा, त्यांनी यावर सरळ दोन्ही क्रम ठेवले, शिवाय ॲनिमेसाठी (जपानी ॲनिमेशन मालिका) पहिल्यापासून सलग मोजायचा तिसराही. टीएमडीबीवर भागांचे गट करून तेच करता येतं. आणि विशेष भाग, म्हणजे सणाचा खास भाग किंवा पडद्यामागची गोष्ट, हे सगळं 'सीझन शून्य' मध्ये जातं. कोणी सांगितलं नाही तर हे कळणारच नाही, मी पण कितीतरी दिवस एक खास भाग पहिल्या सीझनमध्ये शोधत होते.

हे क्रम प्रकरण का महत्त्वाचं तर ज्यांच्याकडे घरी स्वतःच्या डिस्कवरून उतरवलेल्या फायली आहेत आणि ते कोडी, प्लेक्स किंवा जेलिफिन अशी त्या फायली मांडून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरतात, ते सॉफ्टवेअर फायलीचं नाव वाचून याच डेटाबेसकडे विचारणा करतं. फायलीच्या नावात एस०१ई०३ (सीझन १, भाग ३) असेल तर ते निमूटपणे तिसऱ्या भागाचं नाव आणि चित्र लावतं, आत कुठला भाग आहे ते ते बघत नाही. तुमची फाइल डीव्हीडीच्या क्रमाची आणि डेटाबेसचा क्रम प्रसारणाचा असेल तर प्रत्येक भागाचं वर्णन चुकीचं लागतं आणि पुढच्या भागातलं रहस्य आधीच वाचायला मिळतं. माझं झालंय असं, खूप जीव जळला. मालिकेच्या सेटिंगमध्ये क्रम बदलला की नीट होतं. आणि फोल्डरच्या नावात साल नक्की घाला, 'द ऑफिस' २००१ आणि 'द ऑफिस' २००५ या दोन वेगळ्या देशांतल्या दोन वेगळ्या मालिका आहेत, सालाशिवाय यंत्राला ते कळणार कसं.

ॲनिमेसाठी मायॲनिमेलिस्ट किंवा ॲनिलिस्ट, कोरियन-जपानी-चिनी मालिकांसाठी मायड्रामालिस्ट. त्या त्या भाषेचे डेटाबेस त्या त्या गोष्टीत फार पुढे असतात. चिनी सिनेमाला दौबान, रशियनला किनोपोइस्क, फ्रेंचला आलोसिने. भाषा येत नसली तरी नावं आणि तारखा तर वाचता येतात.

तिसरी_घंटा

भागशः, सीझन शून्यबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

माहितीवर विश्वास किती ठेवायचा हा मूळ प्रश्न राहिलाय, त्यावर माझा एक अनुभव. एका डेटाबेसवर एका ध्वनिसंयोजकाचं पान होतं. पहिलं काम १९३८, शेवटचं २०१६. वाचताना माझी नजर तिथेच अडकली. अठ्ठ्याहत्तर वर्षं काम केलं हा माणूस? मग एकेक सिनेमा काढून बघायला लागले. सुरुवातीचे सगळे जुन्या स्टुडिओचे, १९६१ ला थांबतात. मग मोठी पोकळी. मग १९९७ पासून पुन्हा. दोन माणसं होती, नाव एक, कोणीतरी नवीन माणसाची कामं भरताना जुन्याच्याच पानाला चिकटवली होती. तो नवा माणूस स्वतःचं नाव शोधत असेल तर त्याला दिसणार की आपण १९३८ पासून काम करतोय! मी जे सिनेमे मिळाले ते लावले, शेवटची नामावली थांबवून थांबवून वाचली, नव्या माणसाच्या नावात मधलं एक आद्याक्षर होतं ते तिथे मिळालं. एकेक काम उचलून नव्या पानावर नेलं. तीन संध्याकाळी गेल्या. आता दोघांचं आपापलं पान आहे.

म्हणून माझा हिशोब असा. पडद्यावर छापलेलं नाव सगळ्यात भरवशाचं. दिग्दर्शक, मुख्य कलाकार यांत चूक क्वचितच. जसजसे नामावलीत खाली जाल, सहायक, ध्वनी, संकलनातले मदतनीस, तसतशी चूक वाढते कारण तिकडे कोणी बघत नाही. 'श्रेय नाही' अशी खूण असलेल्या नावांना तर पुरावा मागायचाच. आणि सिनेमा यायच्या आधीची नामावली कच्ची समजायची. टीएमडीबीवर प्रत्येक बदल कोणी कधी केला ते दिसतं म्हणून मला तिथे काम करायला बरं वाटतं. आयएमडीबीवर आपण पाठवलेली दुरुस्ती त्यांच्याकडून तपासून लागते, पण आधी काय होतं आणि कोणी बदललं हा इतिहास वाचकाला दिसत नाही.

निळी_वही

तिसरी_घंटा, तुमचा तो ध्वनिसंयोजकाचा किस्सा मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

शेवटचं एक विचारते. चौदाशे सिनेमे एकेक करून शोधत बसायचे का? आणि उद्या हीही साइट बंद पडली तर?

मध्यंतर

एक साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) करा, स्वतःच्या कॉम्प्युटरवर, आणि तीच मूळ प्रत माना. रकाने: नाव, साल, आयएमडीबी क्रमांक, तारे, पाहिल्याची तारीख, टीप. लेटरबॉक्स्ड अशी फाइल थेट घेतं, आणि त्यात आयएमडीबी किंवा टीएमडीबीच्या क्रमांकाचा रकाना असेल तर तो क्रमांक धरून जुळवतं, त्यामुळे 'क्रॅश'सारखी गफलत होत नाही. सिनेमांची माहिती लेटरबॉक्स्ड टीएमडीबीवरूनच घेतं, म्हणजे तिथे एखादा सिनेमा नसेल तर आधी टीएमडीबीवर भरायचा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी तुमचा सगळा डेटा उतरवून घ्या, लेटरबॉक्स्डवर आणि आयएमडीबीवर दोन्हीकडे सोय आहे. परीक्षणं आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहायची, मग साइटवर चिकटवायची. मग कुठलीही साइट गेली तरी तुमचं काही जाणार नाही.

क्रमांक शोधायला वेळ लागेल हे खरं. रोज दहा केले तरी पाच महिन्यांत होतील. सिनेमा कुठे बघायला मिळेल हे हवं असेल तर जस्टवॉच, टीएमडीबीवरची ती माहितीही तिथूनच येते.

निळी_वही

सुरुवात केली. रोज दहा ठरवलं होतं पण काल रात्री चाळीस झाले, थांबवेना.

तिसरी_घंटा यांनी 'क्रॅश'चं उदाहरण दिलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. माझ्या वहीत 'क्रॅश' आहे, साल नाही, तीन तारे. बंद पडलेल्या त्या साइटवर मी तो ऑस्करवाला म्हणूनच नोंदवला होता, मला तर आठवणही तशीच होती. काल वही उघडून पान काढलं, कोपऱ्यात महिना, जून २००३. तेव्हा ऑस्करवाला तयारच झालेला नव्हता! म्हणजे मी पाहिलेला क्रोननबर्गचा, १९९६ चा. आणि मग हळूहळू तो आठवायलाही लागला, एकेक प्रसंग, इतकी वर्षं दुसऱ्याच सिनेमाच्या नावाखाली दबून राहिला होता. समासात टीटी क्रमांक लिहिला, शाईने.

त्याच्या पुढच्याच पानावर 'सोलारिस' आहे. यातही दोन निघाले, १९७२ आणि २००२. महिना सप्टेंबर २००३, म्हणजे इथे तारखेचा उपयोग नाही, दोन्ही होऊन गेले होते. पण शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, "गाडीतून शहरातल्या रस्त्यांवरून किती वेळ जातच राहतो, छान."

रीळवाला

१९७२ चा, तारकोव्हस्कीचा. ते रस्ते टोकियोतले आहेत.